तीनदा खाली

"जुना काढायचा नाही," तस्लीम म्हणाली. "त्याच्या शेजारीच नवा बसवायचा. एका कॉम्प्युटरवर दोन कर्नल सुखानं राहतात."

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," मी म्हटलं.

"राहतात की, ताई. उपसायची एका वेळी एकच, एवढंच."

नाडगौडा सर मोठ्यानं हसले. त्यांच्या हसण्याचं मला काही वाटलं नाही. ते छापखान्याचे प्रमुख, आणि प्रमुखांना नव्या माणसाचं सगळंच गोड लागतं. पण त्यांच्या मागोमाग रूथही हसली. नाकातून, हलकंसं, दाबून. ते हसू माझ्या चांगलं ओळखीचं होतं, माझ्या टोमण्यांना ती तसंच हसायची. ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला गेलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. तस्लीमला येऊन अजून सकाळचा चहासुद्धा झाला नव्हता.

आमचा छापखाना मिरजेला, ब्रेल पुस्तकांचा. नाव 'स्पर्शमुद्रा'. अंध मुलांची शाळेची पुस्तकं तिथं छापायची. छापायची म्हणजे शाई नव्हे, जाड कागदावर मशीन ठिपके उठवते आणि ते बोटांनी वाचायचे. मी जन्मापासून आंधळी, त्यामुळे मुद्रितशोधन माझ्याकडे. रूथ सातपुते डोळस. ती मूळ पुस्तक समोर धरून मोठ्यानं वाचायची आणि मी छापलेल्या पानावर बोट फिरवत तिच्या मागून जायची. चूक सापडली की मी टेबलावर हात आपटायची. आमची जोडी इतकी जुनी होती की रूथला थंडी वाजून आलीय हे मला तिच्या पहिल्या ओळीवरून कळायचं.

या कामाला आमची आमची एक भाषा होती. विरामचिन्हांची नावं घेत बसलं तर पुस्तक या जन्मी संपायचं नाही. म्हणून रूथ अंगठीनं टेबलावर टकोरा मारायची. एक टकोरा स्वल्पविराम, दोन टकोरे पूर्णविराम. नवा परिच्छेद आला की म्हणायची, "उडी." हा 'उडी' माझा शोध. आणि पान संपलं की ती क्षणभर गप्प राहायची, मग पुढचं सुरू करायची. पान उलटायला वेळ लागत असेल, अशी माझी समजूत. शेजारच्या खोलीत बांधणीवाले खोत बसायचे. तेही मोठे हुशार. मी हाक मारायच्या आधीच तिकडून ओरडायचे, "झालं का पान, अंबूताई?" मी म्हणायची, "झालं, खोत, या." मग ते येऊन तपासलेलं पान घेऊन जायचे. त्यांना न सांगता कसं कळतं याचा मी कधी विचार केला नाही. सवय, दुसरं काय.

मशीन होती ती जुनी. सगळे तिला थोरली म्हणायचे. चालू झाली की भिंतीवरचं घड्याळसुद्धा थरथरायचं. पण नकाशे छापावेत तर थोरलीनंच. जाड कागदावर नदी वेगळी, रस्ता वेगळा, डोंगर वेगळा, बोटाला सगळं नीट लागायचं. तिला कॉम्प्युटरशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, एका भल्या गृहस्थानं फुकट लिहून दिला होता आणि नंतर तो जर्मनीला निघून गेला. जाताना सगळी हातोटी मला शिकवून गेला. तेव्हापासून तो कॉम्प्युटर आणि थोरली, दोन्ही माझ्या ताब्यात. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती दाद द्यायची नाही आणि मलाही ते फार आवडायचं.

मग देणगीत नवी मशीन आली. धाकटी. आवाज नाही, थरथर नाही, भराभर पानं. फक्त आमच्या कॉम्प्युटरशी ती एक शब्द बोलेना. म्हणून सरांनी तस्लीमला बोलावलं. तस्लीम मिरजेचीच, तंबोरे करणाऱ्या घरातली. तिचे अब्बा जवारी काढण्यात, म्हणजे तारांना गुंजारव आणण्यात, नावाजलेले. तीही माझ्यासारखीच जन्मांध, पण माझ्याहून अर्ध्या वयाची आणि पुण्याहून कॉम्प्युटर शिकून आलेली. तिनं दोन मिनिटं कळा दाबल्या, कॉम्प्युटरचा बोलका आवाज ऐकला आणि निदान सांगितलं. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा, चालू केल्यावर सगळ्यात आधी उठतो तो. मशिनी त्याचंच ऐकतात. आमचा कर्नल जुना, त्याला धाकटीची ओळख नाही. नवा घातला तर तो थोरलीच्या ड्रायव्हरला उभा करणार नाही. तेव्हा दोन्ही ठेवायचे, आणि ज्या दिवशी जी मशीन हवी त्या दिवशी तो कर्नल उठवायचा.

ऐकायला सोपं वाटतं. दोन चुली मांडूनही जिथं सोपं राहिलं असं एखादं घर मला दाखवा.

खरी मेख पुढेच होती. कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर कर्नलांची यादी येते. आम्हाला वाचून दाखवणारा आवाज कर्नल उठल्यावर येतो, त्यामुळे ही यादी आमच्यासाठी मुकी. ती उघडली की कॉम्प्युटरच्या पोटातला बारका स्पीकर 'टुक्' करतो, तेवढीच खूण. आतापर्यंत आमच्याकडे कर्नल एकच. टुक् ऐकायचं आणि एंटर दाबायचं. नवा बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखं एंटर दाबलं, आवाज आला, सगळं जागेवर, आणि थोरली मात्र मेल्यासारखी गप्प. मी तिच्या तारा चाचपल्या, झाकण उघडून बघितलं, शेवटी तस्लीमला हाक मारली.

तस्लीम आली आणि म्हणाली, "नवा वर बसतो, ताई. तुमचा आता एक ओळ खाली गेला. टुक् झालं की एकदा खाली बाण, मग एंटर."

"वर कोणी बसवला?"

"कोणी नाही. नियमच आहे तो. जो नवा तो वर."

हा नियम मी घरीदारी पाहिलेला होता, कॉम्प्युटरमध्येही असेल असं वाटलं नव्हतं.

मी एकदा खाली बाण शिकले. पण तो नवा कर्नल एकदा येऊन थांबणाऱ्यातला नव्हता. काही आठवड्यांनी तस्लीमनं अपडेट केलं, त्याच्याहून नवा आला आणि वर जाऊन बसला. आता दोनदा खाली. पुढे आणखी एक. तीनदा खाली. दर खेपेला ती येऊन अदबीनं सांगायची आणि दर खेपेला मला वाटायचं, ही मला एकेक पायरी उतरवतेय. रोज सकाळी टुक् झालं की मी मोजत बसायची, एक, दोन, तीन. बाणाच्या कळेवर बोट असं आपटायची की ती कळ पुढे सैल झाली.

याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. सवतीमत्सर. नवरा नसताना सवतीमत्सर करणारी मिरजेत मी एकटीच असेन.

कॉम्प्युटरचंच असतं तर गिळलंही असतं. पण धाकटीवर छापलेली पानं तपासायची कोणी? तस्लीमनं. तिला वाचून दाखवायचं कोणी? सकाळभर माझ्याकडे आणि दुपारी तिच्याकडे, असं सरांनी रूथला वाटून टाकलं. मला विचारलं नाही. रूथला विचारलं असावं, कारण ती नाही म्हणाली नाही.

पहिल्या दुपारी मी माझ्या खोलीत बसून होते. तस्लीमच्या आणि माझ्या खोलीच्या मधल्या भिंतीला वर जाळी होती. पलीकडून रूथचा आवाज आला, विज्ञानाचं पुस्तक चाललं होतं. मी ऐकायचं नाही असं ठरवून ऐकत होते. आणि मग अंगठीचा टकोरा आला. एक. थोड्या वेळानं दोन. टकोरे तरी टकोरे, म्हटलं, अंगठी तिची, टेबल संस्थेचं. पण परिच्छेद संपला आणि रूथ अगदी सहज म्हणाली, "उडी."

मी उठून नळावर गेले आणि तोंड धुतलं. घरी आल्यावर वहिनीनं विचारलं डोळे का सुजलेत, तर सांगितलं कागदाची धूळ गेली.

दुसऱ्या दिवशी मी रूथशी पुस्तकाबाहेरचं एक अक्षर बोलले नाही. तिनं घरून शेंगदाण्याची चटणी आणली होती, मी डबा तसाच तिच्याकडे सरकवला. ती म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही, वाच." ती वाचू लागली. पान संपल्यावर ती नेहमीसारखी थांबली आणि पुढचं सुरू केलं. रूथ भांडणाऱ्यातली नव्हतीच. भांडली असती तर बरं झालं असतं, निदान माझ्या रागाला धरायला काही मिळालं असतं.

तस्लीमवर राग धरणं तर त्याहून अवघड. ती माझ्याशी वाईट वागायलाच तयार नव्हती. येता जाता विचारायची, थोरली बरी आहे का, म्हणून. एकदा माझ्या खोलीत उगाच येऊन बसली. मी आणि रूथ काम करत होतो, ही कोपऱ्यात. मी विचारलं काही हवंय का. म्हणाली, "नाही, ऐकत बसलेय." मला वाटलं, माझी हातोटी चोरायला आलीय. पान संपेपर्यंत बसली आणि काही न बोलता निघून गेली.

त्यात नकाशांचं काम आलं. दहावीच्या भूगोलाचे नकाशे, साताऱ्याच्या आणि कोल्हापूरच्या अंधशाळांसाठी, परीक्षेच्या आधी पोचायला हवेत. सर खोलीत आले आणि म्हणाले, एवढं थोरलीवर होऊन जाऊ दे. तिचं वय झालं, कधी बसेल नेम नाही. ती बसली की नकाशे पुण्याहून करून घेऊ. तुमची काळजी करू नका, अंबूताई, तुम्ही ग्रंथालय बघा, निवांत काम आहे.

ग्रंथालय रस्त्यापलीकडच्या इमारतीत होतं. तिथं पुस्तकं होती, पंखा होता आणि खरोखरच निवांत होतं. तिथं कुणी कुणाला मोठ्यानं वाचून दाखवत नव्हतं. म्हणजे थोरली आहे तोवर मी रूथच्या समोर. थोरली गेली की मी रस्त्यापलीकडे. आणि थोरली कशावर उभी? यादीतल्या एका ओळीवर, तीनदा खाली.

हे मनात घोळत असतानाच एका संध्याकाळी सरांच्या दाराशी माझ्या कानावर तस्लीमचं बोलणं पडलं. ती सांगत होती, कर्नल ठेवायची जागा भरत आलीय, आता जुने काढून टाकावे लागतील. सर म्हणाले, तुला योग्य वाटेल ते कर. मी काठी न वाजवता तिथून परतले. दाराआडून ऐकणाऱ्याला आपल्या मनातलंच ऐकू येतं म्हणतात, पण 'जुने' हा शब्द काही मी मनानं घातला नव्हता.

पुढच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. फक्त खोत आलेले होते, तेही खळीसाठी पाणी आणायला बाहेर नळावर गेलेले. रूथला यायला अवकाश होता. मी कॉम्प्युटर चालू केला आणि टुक् व्हायची वाट बघत बसले.

टुक् झालंच नाही. त्याऐवजी पाच-सहा सूर वाजले. त्या बारक्या स्पीकरमधून, चिरके, खाली उतरत जाणारे, शेवटचा जरा रेंगाळलेला. म्हणजे दारावरची घंटासुद्धा हिनं बदलली. माझ्या कॉम्प्युटरवर, मला न विचारता, हिच्या घरातला कुठला तरी रडका सूर. मिरजेत शंभर तंबोरे लागलेले असले तरी त्यातला एक उतरलेला मी ओळखून काढीन, अशी माझी ऐट. तो सूर कुठल्या रागातला तेही मला लागेना.

तरी मी मोजलं. एक, दोन, तीन. एंटर.

बोलका आवाज आला नाही. मी थांबले. पंखा फिरत होता, आत काहीतरी चाललं होतं, पण शब्द नाही. मी कळा दाबल्या. काही नाही. बंद करून पुन्हा चालू केला. तोच रडका सूर, पुन्हा तीनदा खाली, पुन्हा ती शांतता. थोरलीवर हात ठेवला. लोखंड थंडगार होतं. माझ्या मनात आलं, केलं हिनं, काढला माझा कर्नल. मग वाटलं, रूथला हे ठाऊक असेल. कर्नल जाण्यापेक्षा हे दुसरं मला जास्त झोंबलं.

मी सरांच्या खोलीत गेले तेव्हा सर आणि तस्लीम नुकतेच आले होते, मागोमाग रूथही आत आली. बरंच झालं, म्हटलं, सगळे एकदम सापडले. मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. जुन्या माणसांना काढून टाकायचं तर तोंडावर सांगायचं, मागून यादीतून नाव पुसायचं नाही, असं बोलले. थोरली आज मेलीय आणि तिला या पोरीनं मारलंय, नकाशे आता पुण्याहूनच आणा आणि मला रस्त्यापलीकडे पाठवा, असंही बोलले. आणि टकोरे, उडी, हे ज्याचं त्याचं असतं, ते कुणी वाटून द्यायचं नसतं, असं रूथच्या दिशेनं तोंड करून बोलले. सरांना त्यातलं एक अक्षर कळलं नसणार.

रूथची चप्पल वाजत गेली, माझ्या खोलीकडे. आम्ही सगळे तिच्या मागून.

"पडदा निळा आहे," रूथ म्हणाली. "आकडे पळतायत नुसते."

"मेमरी तपासतोय तो," तस्लीम म्हणाली. "यादीच्या अगदी तळाशी ती एक ओळ असते. तिला आवाज नाही. ताई, तुम्ही किती खाली गेलात?"

"किती म्हणजे? तीनदा. तूच शिकवलंस."

तस्लीम म्हणाली, "आता खाली जायचंच नाही, ताई, आज आल्या आल्या तेच सांगणार होते. काल मधले दोन काढले, जागा झाली. तुमचा धरून ठेवलाय, तो आता कुठल्याही अपडेटनं जाणार नाही. आणि यादी उघडली की कॉम्प्युटरचं बोट आधीच तुमच्या ओळीवर असतं. नुसतं एंटर दाबायचं. धाकटी लागेल तेव्हा एकदा वर मी जाईन."

म्हणजे यादीनं मला माझ्या ओळीवर आणून बसवलं होतं, आणि तिथून मी स्वतःच बाण दाबत दाबत तळाला गेले होते. पण असं हातातून सगळं निसटलं की माणूस जे उरलं असेल ते धरतं. मी तो सूर धरला.

"आणि ते रडगाणं कशाला घातलंस?" मी म्हटलं. "टुक् काय वाईट होतं? सकाळी सकाळी कुणीतरी गेल्यासारखा सूर. ना ठाव ना ठिकाणा. तुझ्या अब्बांच्या घरी असले सूर लावतात?"

सर खाकरले. आणि रूथ हसली, नाकातून, हलकंसं, दाबून.

"मी सांगितलं होतं हिला," रूथ म्हणाली. "ती काल विचारत होती, ताईंना आधी सांगून ठेवू का. मी म्हटलं नको, अंबूचा कान तयार आहे, पहिल्या सुराला ओळखेल."

"काय ओळखेन?"

"तुझा आहे गं तो सूर."

"माझा? मी कधी गायले?"

"गात नाहीस. पान संपलं की गुणगुणतेस. रोज, प्रत्येक पानाला. तुझं होईपर्यंत मी थांबते की."

"तू पान उलटायला थांबतेस."

"पान उलटायला किती वेळ लागतो, अंबू?"

मी म्हटलं, काहीतरीच. माझ्या तोंडातून सूर निघतो आणि मलाच ठाऊक नाही, असं होईल का? सरांना विचारलं तर ते म्हणाले, अहो, आम्ही त्यावरूनच मोजतो किती पानं झाली. तरी माझा विश्वास बसेना. मला वाटलं, तिघं मिळून माझी समजूत घालतायत. पोर चुकलीय आणि तिला पाठीशी घालतायत.

तस्लीम हळूच म्हणाली, "पहिल्या दिवशी आले तेव्हा बाहेरच ऐकला मी तो. खाली उतरतो आणि शेवटी जरासा रेंगाळतो. नीट बसवता यावा म्हणून एकदा कोपऱ्यात येऊन बसले होते, आठवतं? शेवटचा तेवढा अजून नीट जमला नाही मला. स्पीकर हलका आहे."

"मला पटत नाही," मी म्हटलं.

"मग पुन्हा चालू करा," ती म्हणाली.

मी कॉम्प्युटर बंद केला. खोलीत सगळे उभे होते, कोणी हलत नव्हतं. रूथ माझ्या खुर्चीच्या पाठीशी होती, तिच्या साबणाचा वास येत होता. मी बटण दाबलं. पंखा फिरला. आणि तो सूर वाजला, चिरका, खाली उतरत जाणारा, शेवटी जरासा रेंगाळलेला.

भिंतीपलीकडून खोतांचा आवाज आला. त्यांना आमच्यातलं काहीच माहीत नव्हतं, ते खळीच्या भांड्यात मान घालून बसलेले.

"झालं का पान, अंबूताई?"

खोलीत कोणी हसलं नाही. रूथनं हात माझ्या खांद्यावर ठेवला, मी तो काढला नाही. बाणाची सैल कळ माझ्या बोटाखाली होती. तिच्यावरून बोट उचललं आणि एंटर दाबलं. बोलका आवाज आला, आणि थोड्या वेळानं थोरलीनं अंग झाडलं, भिंतीवरचं घड्याळ थरथरलं.

"अजून नाही, खोत," मी म्हटलं. "आत्ता सुरू होतंय."